तळवे रंगवायचे नसतात

कॉन्स्तांत्साच्या बंदराजवळचं हॉटेल.
मार्चमध्ये समुद्राकडे कुत्रं फिरकत नाही,
खोल्या स्वस्त मिळतात, म्हणून स्पर्धा तेव्हाच.
तिसऱ्या मजल्यावर मी प्लास्टिक अंथरते,
भिंतींना, गालिच्याला, दाराच्या मुठीलासुद्धा.
मॅनेजरबाई मागच्या वर्षीच्या चादरींचे पैसे अजून मागतेय.

एकेक जण आत येतो, कपडे उतरवतो,
झडतीला उभं केल्यासारखे हात पसरतो.
मी रोलर बुडवते.
पहिला हात, दुसरा हात, पहाटे तिसरा.
लाज दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवलेली असते,
त्यांची आणि माझीही.

लोकांना वाटतं, पोलाद.
मला विचारा. शेवटच्या रात्री
यांना जिना चढताना धाप लागते,
बुटाची नाडी बांधायला वाकवत नाही.
दोन दिवस पाण्याचा घोट नसतो पोटात,
कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
खाली दोरा न् दोरा दिसतो.
कुल्ल्यावर सुयांच्या जुन्या गाठी लागतात बोटांना.
मी विचारत नाही.
रोलर तिथे जरा हळू फिरवते.

ओक्ताव सेहेचाळिसाचा.
एरवी लिफ्ट दुरुस्त करतो.
दर तीन तासांनी, अंधाऱ्या शाफ्टमध्ये बसून
डब्यातला थंड भात, कोंबडी, मीठ नाही.
बावीस वर्षं.
बायको होती. जाताना म्हणाली,
या घरात वजनकाटाच जेवतो.

त्या रात्री मी त्याची पाठ रंगवत होते
(केवढी पाठ! डबलबेडची चादर अपुरी पडावी),
तर म्हणाला,
स्मारांदा, थर्मासमध्ये काय आहे?
सूप.
कसलं?
वजडीचं.
सांग ना कसं आहे ते.

मग मी सांगत गेले.
लसूण किती, सिरका किती,
वरची साय चमच्यानं मोडली की
पिवळ्या तेलाचे डोळे कसे उघडतात,
आई तळाशी उरलेलं पावानं कसं निपटून घ्यायची.
तो डोळे मिटून उभा, हात पसरलेले,
घशाची घाटी वरखाली.
रंग वाळेपर्यंत आम्ही दोघांनी अख्खं पातेलं संपवलं
एक थेंबही न सांडता.

सकाळी मी विंगेतून पाहिलं.
दिव्यांखाली तो हसत होता, हसू हीदेखील पोझच,
डावी मांडी थरथरत होती.
सहा जणांत पाचवा.
बक्षीस, प्रोटीनचा डबा, चॉकलेट चवीचा.
पहिला आलेला पोरगा तेवीसचा,
पाठीत अजून एकही रात्र न मुरलेली.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या इमारतीची लिफ्ट
चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकली.
दुरुस्तीला कुणी मध्यम बांध्याचा माणूस आला,
जाकीट खांद्यांवरून ओघळत होतं.
मी टॉर्च धरून उभी.
पाना द्या, म्हणत त्यानं हात मागे केला.

तळवे आम्ही रंगवत नाही.
चुकून ओघळ आलाच तर पुसून टाकतो,
पंच तळवे बघत नाहीत.
तेवढे ज्याचे त्याच्याकडे राहतात.
चार बोटांखाली चार घट्टे,
पिवळे, पट्टीनं आखल्यासारखे.

एवढा माणूस गेला कुठे, असं तोंडाशी आलं होतं.
म्हटलं, सूप आहे वर.
डॉक्टरनी मीठ तोडलंय, तो म्हणाला,
किडनी.
लिफ्ट एकदा रिकामीच वर जाऊन खाली आली.
मग नुसतं सांगू?

तो पायरीवर बसला,
हात मांडीवर उताणे ठेवून.

लसूण आधी, मी म्हटलं.